हळदीखालचा हात

"माप चुकलंय तुमचं, वन्सं. डावी बाही चढतच नाही."

वहिनी दारातूनच बोलली. आत यायला तिला फुरसत नव्हती आणि बाहेर जायला मला मुभा नव्हती. मागल्या खोलीत धान्याच्या पोत्यांशेजारी, माझ्या घरून आणलेलं मशीन मांडून मी बसले होते. पुढं मांडवात कुंदाची हळद चालली होती. कुंदा माझी भाची, थोरल्या भावाची एकुलती एक लेक. तिच्या लग्नातले सगळे ब्लाऊज मी शिवले, परकराच्या नाड्यासुद्धा मी ओवल्या. पण तिला हळद लावायला माझा हात चालत नव्हता. माझा नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती ना! विधवा बाईनं नवरीच्या अंगाला हात लावायचा नाही, समोर यायचं नाही, मागं बसून काजं-बटणं करायची.

"उजवी बाही चढली का?" मी विचारलं.

"चढली."

"मग डावीच कशी चुकेल? कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापल्यात मी."

"ते मला काय ठाऊक? उष्टी हळद घेऊन विहीणबाई आल्यात, त्या बाहेर बसल्यात. पोरगी ओल्या अंगानं कुडकुडतेय. टाके उसवून द्या बघू झटदिशी."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझ्या आमटीला कुणी नावं ठेवली तर मी ऐकून घेईन, मापाला नावं ठेवलेली खपवून घेणार नाही. आसपासच्या चार गावांतल्या नवऱ्या ब्लाऊज शिवायला माझ्याकडं यायच्या, ते काय उगाच? गळ्यात टेप टाकली, ब्लाऊज उचलला आणि वहिनीला बाजूला सारून तरातरा कुंदाच्या खोलीत गेले.

"अगं बया, तुम्ही कशाला आलात मालनताई?" शेजारची एक बाई म्हणाली. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

कुंदा पाटावर बसली होती. नुकतीच हळदीची आंघोळ झालेली, केस ओले, अंगाभोवती लुगडं गुंडाळलेलं. न्हाऊनसुद्धा कपाळापासून पायाच्या नखांपर्यंत पिवळीधमक. कोपरापर्यंत मेंदी. मी तिच्या डाव्या दंडाला टेप लावली. आठवड्यापूर्वी जे माप घेतलं होतं त्याच्यापुढं चांगली दोन बोटं टेप गेली. मग माझी नजर खाली मनगटाकडं गेली. हिरवा चुडा मांसात रुतून बसला होता. बांगड्यांच्या वर आणि खाली हात टम्म फुगलेला, मेंदीची नक्षी ताणून पसरलेली.

"कुंदे, काय झालं गं हाताला?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"काय होणार? चुडा घट्ट भरलाय," वहिनीनं उत्तर दिलं. "होतंच असं. माझासुद्धा हात सुजला होता."

आमच्याकडं नवरीचा चुडा घट्टच भरतात. हाताला साबण लावायचा, पंजाची हाडं दाबून दाबून एकमेकांवर चढवायची आणि एक नंबर लहान बांगडी आत सारायची. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं की कासारीण म्हणणार, आता कसा बसला! सैल बांगडी गळून पडेल, आपटून फुटेल, आणि नवरीची बांगडी फुटणं म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका. म्हणून हा सगळा खटाटोप.

मी कुंदाच्या दंडावर हात ठेवला. भाजत होता. पायाला हात लावला तर पाय बर्फासारखा गार. दात वाजत होते आणि श्वास असा चालला होता, जणू विहिरीवरून दोन घागरी घेऊन पायऱ्या चढून आलीय.

"वहिनी, ताप आहे हिला."

"हळदीचं अंग आहे. गार पाण्यानं न्हाऊ घातलंय, हुडहुडी भरणारच."

"धाप लागलीय."

"माणसं किती दाटलीत घरात. घुसमटलीय पोर."

"हिच्या डोळ्यांवर झापड येतेय, बघ तरी."

"मेंदीसाठी जागली ना काल."

लग्नघर ते! तिथं कशाला म्हणून उत्तर नाही असं नाही. मी कुंदाची हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला. "कुंदे, मी कोण आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं, पण तिला मी दिसत होते का देव जाणे. जड जिभेनं म्हणाली, "कुकर बंद कर. शिट्ट्या झाल्या."

खोलीत एकच हशा पिकला. "नवरी आत्तापासूनच सासरच्या स्वयंपाकघरात!" कुणीतरी म्हणालं. "डाळ करपवू नको गं बाई, सासू कडक आहे." सगळ्या खिदळायला लागल्या.

मी मात्र तिची हनुवटी सोडली नाही. माझ्या नवऱ्यानं असंच माझ्याकडं बघून सांगितलं होतं, बैलाला पाणी दाखव. आमचा बैल विकून दोन वर्षं झाली होती. उसाच्या तोडलेल्या बुडख्याचं टोक तळपायात घुसलं एवढंच निमित्त झालं होतं. आधी पाय सुजला, मग थंडी वाजून आली, मग धाप, मग बडबड. सासूनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. दिरानं कंपाउंडरला बोलावून इंजेक्शन टोचवलं. त्याचे पाय गार पडले, दिवसभर त्याला लघवी झाली नाही, तरी सगळे म्हणत राहिले, घाम फुटला की उतरेल. कऱ्हाडला नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, रक्तात विष भिनलंय, फार उशीर केलात. ओठ निळे पडलेले त्याचे. तीस वर्षांचा माणूस, एका काटकीनं गेला.

आणि आता बघा तऱ्हा. त्या विषाला ओळखणारी त्या घरात मी एकटीच होते, आणि त्याच विषानं मला विधवा केलं म्हणून मलाच त्यांनी मागच्या खोलीत बसवलं होतं! मला इतका संताप आला की सांगायची सोय नाही.

"हिला सकाळपासून लघवी झालीय का?" मी मोठ्यानं विचारलं.

"शी! चारचौघींत काय बोलता वन्सं!" वहिनी म्हणाली.

"झालीय का? सांग."

कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या गळ्यातले मणी मोजून बघणाऱ्या पाच-सात बाया सकाळपासून तिला चिकटून होत्या, पण हे एकीलाही माहीत नव्हतं.

"दादा!" मी ओरडले. "दादा, आत ये. कुंदाला दवाखान्यात न्यायचंय."

माझा भाऊ मांडवातून धावत आला. त्याच्या मागोमाग विहीणबाईही आल्या, कुंदाच्या होणाऱ्या सासूबाई. नाकात ठसठशीत नथ, हातात अजून हळदीची वाटी.

"काय झालं? कसला दवाखाना?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काही नाही, जरा कणकण आहे," वहिनी घाईघाईनं म्हणाली.

"मग गोळी द्या की. हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत न्हाई, ठाऊक न्हाई व्हय तुमच्यात? एकदा मांडवात उभी ऱ्हाऊ दे, मग न्या कुठं न्यायची ती."

"मांडवात उभी राहायला ती जगली पाहिजे," मी म्हणाले.

"अगं माले, शुभ बोल," दादा म्हणाला. बिचारा घामाघूम झाला होता. एकदा विहिणीकडं बघे, एकदा लेकीकडं. "उद्या दुपारी अक्षता आहेत. उद्या संध्याकाळी नेऊ. आत्ता डॉक्टरलाच इथं बोलावू का?"

"तो येईपर्यंत काय करशील? माझ्या नवऱ्याच्या वेळी तू उशाशी बसला होतास ना? आठवतं ना कसा गेला तो? मग हिच्याकडं बघ."

त्यानं बघितलं. पण पिवळ्या अंगाकडं बघून काय कळणार? हळदीनं माखलेलं माणूस सगळ्यांना छानच दिसतं. "नवरीला काय तेज आलंय," असं सकाळीच कुणीतरी म्हणालं होतं म्हणे.

पानसुपारीचं तबक तिथंच होतं. त्यातला अडकित्ता मी उचलला आणि कुंदाचा हात मांडीवर घेतला.

"वन्सं, काय करताय? वन्सं!"

पहिली बांगडी अडकित्त्यात धरली आणि दाबली. कट्‌ झालं. दुसरी. तिसरी. वहिनीनं माझा खांदा ओढला, मी कोपरानं तिला ढकललं. विहीणबाईंच्या हातातली वाटी खाली पडली.

"चुडा फोडला! माझा लेक जिता हाय अजून! या रांडमुंड बाईनं माझ्या लेकाच्या नावाचा चुडा फोडला!" त्यांनी मांडवात जाऊन जो काय आकांत मांडला, तो सनईवाल्यांनी वाजवायचं थांबवून ऐकला.

मी थांबले नाही. शेवटच्या दोन बांगड्या तर मांसातून वर उचलाव्या लागल्या. कुंदा हूं की चूं करत नव्हती, आणि तेच मला जास्त भ्यायला लावत होतं. बांगड्या निघाल्या तसा वास आला. फुलांच्या, अत्तराच्या, हळदीच्या वासाला बाजूला सारून आला तो. अंगठ्याच्या बुडाशी, बांगड्यांच्या खाली, कातडी काळीनिळी पडली होती. मी शेजारचं खोबरेल हातावर घेऊन तिच्या हातावरची हळद खसाखसा पुसली. पिवळ्याखालून लाल रेघ निघाली. मनगटापासून निघून कोपराच्या आतून पार काखेपर्यंत गेलेली.

"बघ आता," मी दादाला म्हणाले. "आता तरी बघ."

दादा पुढं झाला. त्यानं कुंदाला उचललं, लहानपणी जत्रेतून झोपलेली आणायचा तशी खांद्यावर घेतली आणि उंबरा ओलांडला. बाहेर मांडववाल्याचा टेम्पो उभा होता, अर्ध्या खुर्च्या उतरवायच्या राहिल्या होत्या. दादानं त्या स्वतः खाली फेकल्या. वहिनी रडत रडत पुढं बसली. मी मागं, कुंदाचं डोकं मांडीवर घेऊन. तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि ती मधूनच म्हणत होती, कुकर बंद कर.

कऱ्हाडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी कुंदाचं नख दाबून बघितलं, पापणी ओढून बघितली आणि वैतागल्याच. "मला हिचा रंगच दिसत नाहीये! पुसा ही हळद आधी!" दोन नर्सनी स्पिरिटचे बोळे घेऊन कुंदाचं तोंड, पाय, छाती पुसायला घेतली. पिवळं निघून गेलं तशी आतली कुंदा दिसायला लागली. राखेच्या रंगाची. नवरीचं तेज म्हणे!

ब्लडप्रेशर मोजताच येत नव्हतं. दोन्ही बाजूंनी सलाईन, नाकावर मास्क, सलाईनमधूनच अँटिबायोटिक. डॉक्टरबाई काम करता करताच बोलत होत्या. "जखमेतले जंतू रक्तात गेलेत. आता हा नुसत्या हाताचा आजार राहिला नाही. किडनी, फुप्फुसं, सगळं धोक्यात आहे. हात उघडून साफ करावा लागेल, आत्ताच. सही कोण करतंय?"

दादानं सही केली. आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो.

बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यात कापसावर गव्हाच्या दाण्याएवढा काचेचा तुकडा होता. हिरवा.

"हे अंगठ्याच्या बुडाशी खोल रुतलं होतं. कुठून गेलं?"

मी काही बोलायच्या आत वहिनी उठली. तिचं बोट माझ्याकडं. "हिनंच! हिनं अडकित्त्यानं चुडा फोडला. सगळ्यांच्या देखत. तेव्हाच गेली काच. हिच्यामुळं माझी पोरगी..."

आणि माझा भाऊ, माझा सख्खा भाऊ, माझ्याकडं बघायला लागला. तसं बघायला लागला, की खरंच का गं? आईशप्पथ सांगते, सगळ्या दिवसात मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

"आज?" डॉक्टरबाईंनी वहिनीकडं बघितलं. "आज गेली असती तर नुसती काच निघाली असती. हिच्याभोवती पू झालाय. खालचं मांस सडलंय. ही काच तीन-चार दिवस आत आहे. चुडा भरला कधी?"

दादा म्हणाला, "सोमवारी. आज चौथा दिवस." आणि मग तोही वहिनीकडं वळला.

वहिनी खाली बसली, भिंतीला पाठ लावून. पदराचं टोक तोंडात घातलं. मग बोलली.

"कासारणीच्या हातात एक बांगडी वाढली. पंजावरून सरकवताना. काच टोचली, थोडंसं रक्त आलं. कुंदा ओरडणार होती, मी तिचं तोंड दाबलं. भरताना बांगडी वाढली हे विहिणीच्या कानावर गेलं असतं तर लग्न मोडलं असतं. कासारणीला शपथ घातली. तिनं त्यावर दुसऱ्या बांगड्या भरल्या. पोरगी परवा म्हणाली, आई, ठणकतंय गं. मी म्हटलं, कुणाला बोलू नको, दोन दिवस कळ काढ. वर हळद दाबली." तिनं मान वर करून मला विचारलं, "हळदीनं जखम भरते ना, वन्सं?"

मी तिला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. नर्सनं येऊन मला गप्प केलं. म्हणजे हिला माहीत होतं! मी विचारलं तेव्हा पोरगी आईच्या तोंडाकडं बघत होती, ती का, ते मला तिथं कळलं. थंडीला, धापेला, बडबडीला वहिनीकडं उत्तर तयार होतं, कारण खरं उत्तर तिला दडपायचं होतं. पोरीच्या जिवावर बेतलं तरी चालेल, पण अपशकुनाची वाच्यता नको.

कुंदा वाचली. सहज नाही वाचली. कितीतरी दिवस आज आहे, उद्या नाही असं चाललं होतं. हात दोनदा चिरावा लागला आणि रक्त न पोचल्यानं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींची टोकं काळी पडून गेली, ती काढावी लागली. शुद्धीवर आली तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "आत्या, माझ्या बांगड्या कुठायत?" मी म्हटलं, "खड्ड्यात." ती हसली. मग मीही हसले.

लग्न मोडलं. विहीणबाईंनी निरोप धाडला, चुडा फुटलेली पोरगी आम्हाला नको. एका परीनं बरंच झालं. पण गावात काय पसरलं ठाऊक आहे? मालननं भाचीचा चुडा फोडला. विधवा बाई, पोटात जळत होतं, हळदीत घुसली आणि पोरीचं वाटोळं केलं. पाण्यावर, चक्कीवर, देवळात हेच. कासारीण तोंड उघडेना. वहिनी तर नाहीच नाही. नवऱ्या माझ्याकडं ब्लाऊज टाकायच्या बंद झाल्या. ज्या आयांच्या थोरल्या लेकींचे ब्लाऊज मी शिवले होते, त्याच धाकट्या लेकींना घेऊन कऱ्हाडला टेलरकडं जायला लागल्या. कुंदानं बिचारीनं सांगून बघितलं, पण लोक म्हणायचे, आत्यानं पढवलंय.

मी दादाला म्हटलं, "तुला खरं ठाऊक आहे. एकदा चावडीत उभा राहून सांग."

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "जाऊ दे गं माले. बायको आहे माझी. पोरगी वाचली ना? मग झालं तर."

झालं तर! बायकोची अब्रू ती अब्रू, आणि बहिणीची काय उकिरड्यावर टाकायची? मी त्या घराची पायरी चढायची सोडली.

दोन-अडीच वर्षांनी कुंदाचं पुन्हा ठरलं. मुलगा एस.टी. डेपोत मेकॅनिक होता. त्यानं बघायला आल्यावर सरळ विचारलं, हाताला काय झालं, आणि तिनं सरळ सगळं सांगितलं. मला आमंत्रण आलं, कोरडं. अक्षतांचं तेवढं. चुड्याचं नाही, हळदीचं नाही. मी मनात म्हटलं, बसा तुमचा चुडा घेऊन. चुड्याच्या दिवशी दुपारी मी माझ्या घरी मुद्दाम मशीन मोठ्यानं चालवत बसले होते.

तेवढ्यात दार ढकलून कुंदा आत आली. नवी साडी, दोन्ही हात मोकळे. मागं धापा टाकत तीच कासारीण, बांगड्यांचं खोकं छातीशी धरून. तिच्या मागं, अंगणातच थांबलेली वहिनी.

"अगं, तिकडं सगळ्या खोळंबल्या असतील ना?" मी म्हटलं.

"असू देत." कुंदा माझ्यासमोर फरशीवर बसली आणि डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. चिरल्याचा पांढरा वण, दोन आखूड बोटं. "तू भर."

"कुंदे, अगं मी कशी..."

"कशी म्हणजे? फोडताना विचारलं होतंस का कुणाला?"

मी अंगणात बघितलं. वहिनी माझ्याकडं बघत होती. नको म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, बस.

कासारणीनं खोकं उघडलं, सवयीनं लहान नंबरच्या बांगड्या काढल्या आणि साबणाची वडी माझ्यापुढं केली. कुंदानं आपला हात मागं घेतला.

"त्या नकोत. मोठ्या काढ."

"पोरी, नवरीचा चुडा घट्ट..."

कुंदानं तिच्याकडं बघितलंच नाही. तिनं हात परत माझ्या मांडीवर ठेवला आणि आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"सैल भर, आत्या. काढता आल्या पाहिजेत."